आफ्रिकेतली वर्तमानपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून टाकतो. पुढच्या उत्तरांत संपादकांपेक्षा छापखान्यांचीच चर्चा जास्त आहे. आफ्रिकेच्या वृत्तपत्रांचा इतिहास वाचताना मला पदोपदी एकच प्रश्न पडत गेला: यंत्र कुणाचं होतं? लेख कोणीही लिहील, पण अक्षरांचे खिळे जुळवून कागदावर उमटवणारं यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीने पत्र निघायचं, नाहीतर बंद पडायचं.

भारतातला पहिला छापखाना मुळात आफ्रिकेसाठी निघाला होता, हे खरं का?

हो. जेझुइट पाद्र्यांची एक तुकडी पोर्तुगालहून ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला निघाली होती. तिच्याबरोबर छपाईचं यंत्र होतं. १५५६ च्या सप्टेंबरात जहाज गोव्याला लागलं. तिकडे ॲबिसिनियाचा सम्राट रोमच्या धर्मगुरूंना मान द्यायला तयार नव्हता. त्यामुळे तुकडी अडकली आणि यंत्रही गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात उतरलं, ते तिथलंच झालं. त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली. पुढे त्याच गोव्यात, रायतूरला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. थोडक्यात, आफ्रिकेचा छापखाना वाटेत आपल्याकडे राहिला. या देवघेवीची परतफेड साडेतीनशे वर्षांनी डरबनमध्ये थोडीफार झाली, ते खाली येईलच.

मग आफ्रिकेत छपाई केव्हा रुजली?

आधी एक गैरसमज दूर करतो. छपाई नव्हती म्हणजे लिहिणं नव्हतं असं नाही. इथिओपियात गीझ भाषेतली कातड्यावरची हस्तलिखितं होती. टिंबक्टूच्या घराघरांत अरबी पोथ्या जपलेल्या होत्या.

वर्तमानपत्र मात्र फौजेबरोबर आलं. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला, तेव्हा त्याने तोफांबरोबर छापखानाही नेला. त्यातले अरबी खिळे रोममधल्या मिशनरी छापखान्यातून उचललेले होते. त्याच ऑगस्टमध्ये कैरोत ‘कुरिए द लेजिप्त’ हे फ्रेंच पत्र निघालं. वाचक अर्थातच फ्रेंच सैनिक. फ्रेंच गेल्यावर इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने कैरोजवळ बुलाकला सरकारी छापखाना उभारला आणि १८२८ मध्ये ‘अल-वकाई अल-मिस्रिया’ हे पत्र काढलं, म्हणजे बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’च्याही चार वर्षं आधी. कैरोचं विख्यात ‘अल-अहराम’ मात्र इजिप्शियन माणसांनी काढलेलं नाही. सलीम आणि बिशारा तकला या लेबनॉनहून आलेल्या दोन भावांनी ते १८७५ मध्ये अलेक्झांड्रियाला स्थापन केलं.

पहिल्या पत्रांत काय छापून यायचं?

जहाजांच्या वेळा, सरकारी हुकूम, लिलाव. केप टाउनला १८०० च्या ऑगस्टमध्ये ‘केप टाउन गॅझेट’ निघालं. ते काढणारी वॉकर आणि रॉबर्टसन ही पेढी गुलामांचाही व्यापार करायची. वर्षभरातच सरकारने यंत्र स्वतःकडे घेतलं.

खरी चकमक १८२४ ची. जॉर्ज ग्रेग या मुद्रकाने जानेवारीत ‘साउथ आफ्रिकन कमर्शियल ॲडव्हर्टायझर’ सुरू केलं. टॉमस प्रिंगल आणि जॉन फेअरबर्न त्याचे संपादक झाले. गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट यांना एका बदनामीच्या खटल्याची हकिकत छापली जाण्याची धास्ती वाटली, म्हणून त्यांनी छपाईआधीच मुद्रितं मागवली. संपादकांनी मुद्रितं देण्याऐवजी पत्र थांबवलं. सरकारने यंत्राला सील ठोकलं आणि ग्रेगला वसाहत सोडण्याचा हुकूम दिला. ग्रेगने लंडन गाठून दाद मागितली आणि पुढच्या वर्षी तो परत आला. १८२९ मध्ये केपमध्ये छपाईचं स्वातंत्र्य कायद्याने मान्य झालं. हा सगळा झगडा गोऱ्यांचा गोऱ्यांशी होता, हे विसरायचं नाही. पण त्यातून जो कायदा झाला, त्याच्या आडोशाला पुढे काळी माणसंही उभी राहिली.

आफ्रिकी भाषेतलं पहिलं पत्र कोणतं?

याचं उत्तर नायजेरियाचं ‘इवे इरोहिन’ असं सर्रास दिलं जातं. पण १८३७ मध्येच मेथडिस्ट मिशनने ग्रॅहम्सटाउनहून ‘उमशुमायेली वेंदाबा’ हे खोसा भाषेतलं पत्र काढलं होतं. ते फार काळ टिकलं नाही.

‘इवे इरोहिन’ची कथा अधिक रंगतदार आहे. हेन्री टाउनसेंड या इंग्रज मिशनऱ्याने १८५९ च्या डिसेंबरात अबेओकुटा शहरातून ते योरुबा भाषेत सुरू केलं. किंमत कवड्यांत होती, कारण बाजारात चलनच कवड्यांचं. लोकांना वाचनाची गोडी लागावी असा त्याचा हेतू होता. सोबत त्याला स्थानिक राजकारणातही हात घालायचा होता, तो त्याने घातलाच. १८६७ मध्ये शहरात गोऱ्यांविरुद्ध उठाव झाला, मिशनरी हाकलले गेले आणि पत्रही संपलं.

आफ्रिकी माणसांनी स्वतः पत्र काढायला केव्हा सुरुवात केली?

एक उदाहरण माझ्या विशेष आवडीचं आहे. १८५७ मध्ये आजच्या घानातल्या अक्रा शहरात चार्ल्स बॅनरमन याने ‘अक्रा हेराल्ड’ काढलं, तेव्हा त्याच्याकडे यंत्र नव्हतं. पत्र हाताने लिहून निघायचं! यंत्र येईल तेव्हा येईल, तोवर बोरू आहेच, असा तो खाक्या.

लायबेरियात ‘लायबेरिया हेराल्ड’ १८२६ मध्येच सुरू झालं होतं, पण ते अमेरिकेतून परतलेल्या कृष्णवर्णीयांचं. चालवणाऱ्याचा लवकरच मृत्यू झाला आणि १८३० मध्ये जॉन रसवर्मने ते पुन्हा उभं केलं. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतलं पहिलं कृष्णवर्णीय पत्र काढणाऱ्या दोघांपैकी हा एक.

दक्षिण आफ्रिकेत मिशनच्या शाळांत शिकलेली पिढी आधी मिशनच्याच पत्रांत लिहीत होती. जॉन टेंगो जबाव्हू त्यांतलाच. मिशनच्या पत्रात राजकारण लिहायला मुभा नाही म्हणताच त्याने १८८४ मध्ये ‘इम्वो झाबांत्सुंदू’ काढलं. नावाचा अर्थ ‘काळ्या लोकांचं मत’. पैसा मात्र त्याच्या गोऱ्या उदारमतवादी मित्रांचा होता, आणि त्याचं ओझं त्याच्या भूमिकांवर पुढे दिसत राहिलं. १९०१ मध्ये माफेकिंगहून सोल प्लाकी ‘कोरांता एआ बेचुआना’ चालवू लागला, तर १९०३ च्या एप्रिलमध्ये जॉन ड्युबे याने झुलू भाषेत ‘इलांगा लासे नाताल’ म्हणजे ‘नातालचा सूर्य’ सुरू केलं. ‘इलांगा’ आजही निघतं.

गांधीजींच्या छापखान्याचा या ‘इलांगा’शी काय संबंध?

सुरुवातीचे अंक तिथेच छापले गेले. डरबनमध्ये मदनजित व्यावहारिक यांचा इंटरनॅशनल प्रिंटिंग प्रेस होता. ‘इलांगा’नंतर दोनच महिन्यांनी, ४ जून १९०३ ला त्याच यंत्रावर ‘इंडियन ओपिनियन’ निघालं. मनसुखलाल नाझर पहिले संपादक. भाषा चार: इंग्रजी, गुजराती, हिंदी, तमिळ. वर म्हटलेली परतफेड ती हीच.

याला बंधुभावाचा सोहळा समजू नका. ‘इंडियन ओपिनियन’च्या त्या वर्षांतल्या अंकांत आफ्रिकी लोकांबद्दल आज वाचताना खटकणारा मजकूर आहे. शेजारी असूनही दोन्ही समाजांचे लढे वेगळे चालले. छापखाना एक होता, एवढं मात्र खरं.

१९०४ च्या अखेरीस गांधीजींनी हा छापखाना डरबनजवळच्या फिनिक्सला हलवला. ड्युबे यांची ओहलांगे शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. पहिल्या अंकाच्या रात्री तेलावर चालणारं इंजिन बंद पडलं. गांधीजींनी आधीच हाताने फिरवायचं चाक बसवून घेतलं होतं, पण ते फिरवायला एका वेळी चार माणसं लागायची. शेवटी तिथेच झोपलेल्या सुतारांना उठवलं आणि सकाळपर्यंत आळीपाळीने चाक फिरत राहिलं. गंमत अशी की उजाडल्यावर इंजिन आपोआप सुरू झालं. छापखान्यात काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट नवी वाटायची नाही.

‘हिंद स्वराज’ पहिल्यांदा १९०९ च्या डिसेंबरात याच पत्रातून गुजरातीत आलं आणि पुढच्या मार्चमध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली.

या गोष्टीत अकोल्याचं नाव कसं येतं?

सुशीला मश्रूवाला यांच्यामुळे. अकोल्यात स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबातली ही मुलगी, किशोरलाल मश्रूवालांची पुतणी. १९२७ मध्ये गांधीजींचे चिरंजीव मणिलाल यांच्याशी लग्न होऊन ती फिनिक्सला गेली. तिथे खिळे जुळवण्यापासून हिशेबापर्यंत सगळ्या कामांत तिचा हात होता. १९५६ मध्ये मणिलाल गेले. त्यानंतर १९६१ मध्ये पत्र थांबेपर्यंत संपादनाची धुरा सुशीलाबेननीच वाहिली. आपण मणिलालांचं नाव घेतो आणि पुढे सरकतो. अठ्ठावन्न वर्षं चाललेल्या या पत्राचा शेवटचा अध्याय वऱ्हाडातून गेलेल्या एका बाईने लिहिला, हे कुणीतरी ठळकपणे सांगायला हवं.

केनियातलं ‘स्टँडर्ड’ भारतीयाने काढलं होतं का?

हो, आणि पुढे ते भारतीयांच्याच विरोधात गेलं. कराचीचे बोहरा व्यापारी आलिभाई मुल्ला जीवनजी हे युगांडा रेल्वेचे कंत्राटदार. त्यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मोंबासात ‘आफ्रिकन स्टँडर्ड’ सुरू केलं आणि १९०५ मध्ये ते विकलं. नव्या गोऱ्या मालकांच्या हाती ते गोऱ्या जमीनदारांचं मुखपत्र बनलं आणि भारतीयांना समान हक्क द्यायला त्याने कडवा विरोध केला.

यंत्रांच्या बाबतीत नैरोबीतल्या भारतीयांनी वेगळी कामगिरी केली. जोमो केन्याटा यांनी १९२८ मध्ये किकुयू भाषेत ‘मुइग्विथानिया’ काढलं, ते एका भारतीयाच्या छापखान्यात छापलं जाई. गिरधारीलाल विद्यार्थी यांनी १९३३ मध्ये ‘कलोनियल टाइम्स’ सुरू केलं, पुढे स्वाहिलीत पत्रं काढली, आफ्रिकी संपादकांची पत्रं छापून दिली आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगही भोगला.

हेन्री मुओरिया यांचं ‘मुमेन्येरेरी’ हे किकुयू पत्र त्या काळात फार वाचलं जाई. १९५२ च्या ऑक्टोबरात इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ उठावामुळे आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा मुओरिया लंडनमध्ये होते. पत्रावर बंदी आली, परतीची वाट बंद झाली, आणि एका गाजलेल्या संपादकाने पुढची वर्षं लंडनच्या भुयारी रेल्वेत गार्ड म्हणून काढली.

इंग्रजांनी राजद्रोहाचा कायदा तिकडेही नेला होता का?

नेला होता, आणि तो उलट फिरून आपल्याकडेही आला. हे प्रकरण जरा खोलात सांगण्यासारखं आहे.

सुरुवात जामिनाने. १९०३ च्या कायद्याने लागोसमध्ये पत्र काढायचं तर २५० पौंडांची हमी द्यावी लागे. १९१० च्या प्रेस ॲक्टखाली जामीन भरलेल्या मराठी पत्रांच्या चालकांना हा प्रकार ओळखीचा वाटला असता.

१९३४ मध्ये गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, राजद्रोहाचं कलम अधिक कडक झालं. अमेरिकेत शिकून आलेले नायजेरियन तरुण ननामदी अझिकिवे तेव्हा अक्रात ‘आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट’ चालवत होते. १९३६ मध्ये त्यात एक लेख आला: ‘आफ्रिकी माणसाला देव आहे का?’ लेखक सिएरा लिओनचे कामगार पुढारी वॉलेस-जॉन्सन. युरोपच्या देवाचं नाव कपट, असा लेखाचा सूर. दोघांवर खटले झाले. अझिकिवे अपिलात सुटले. वॉलेस-जॉन्सन यांना दंड झाला आणि ते थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या अपिलांच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत गेले. तिथेही हरले. हिंसेची चिथावणी असल्याशिवाय राजद्रोह होत नाही असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही, असा निकाल आला.

याच सुमारास भारताच्या फेडरल कोर्टाने नेमकं उलट, उदार मत दिलं होतं. पण मुंबईहून गेलेल्या एका अपिलात १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अक्राच्या निकालाचा दाखला देऊन ते मत मोडीत काढलं. टिळकांवर चालवलेलं १२४-अ कलम पुन्हा पूर्वीइतकंच धारदार झालं, तेही एका आफ्रिकी पत्रातल्या लेखामुळे.

अझिकिवे लागोसला परतले आणि १९३७ मध्ये त्यांनी ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ काढलं. पुढे ते नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. घानाचे एन्क्रुमा यांचंही ‘अक्रा इव्हिनिंग न्यूज’ होतं, १९४८ चं. संपादकाच्या खुर्चीतून सत्तेच्या खुर्चीत गेलेले किती पुढारी त्या खंडात सापडतात!

फ्रेंच आणि पोर्तुगीज वसाहतींत काय चित्र होतं?

बरंच फिकं. फ्रान्सचा १८८१ चा वृत्तपत्र कायदा उदार होता, पण पत्राचा चालक फ्रेंच नागरिक असावा लागे, आणि आफ्रिकी लोकांत नागरिक फार थोडे. डाकारमध्ये शार्ल द ब्रतय या फ्रेंच माणसाने १९३३ मध्ये ‘पारी-डाकार’ काढलं. त्याच्याच नामांतरातून पुढे सेनेगलचं सरकारी ‘ल सोलेई’ झालं. मोझांबिकमध्ये जुआंव अल्बासिनी यांनी १९१८ मध्ये ‘उ ब्रादु आफ्रिकानु’ म्हणजे ‘आफ्रिकेची हाक’ सुरू केलं. १९२६ नंतर पोर्तुगालच्या हुकूमशाहीने सेन्सॉरची कात्री आणली. ती गोव्यातल्या पत्रांनाही ठाऊक होती.

आफ्रिकेच्या पत्रकारितेत गोव्याची माणसं कोण?

दोन नावं तरी माहीत हवीत. पियो गामा पिंटो नैरोबीत १९२७ मध्ये जन्मले, शिकायला भारतात आले, मुंबईत नोकरी केली, गोवामुक्तीच्या चळवळीत पडले. १९४९ मध्ये केनियाला परतल्यावर तिथल्या भारतीयांच्या पत्रांत लिहू लागले. १९५४ ते १९५९ स्थानबद्ध होते. सुटल्यावर केनियाचे पुढारी ओगिंगा ओडिंगा यांच्यासह पॅन आफ्रिकन प्रेस उभा केला. २४ फेब्रुवारी १९६५ ला घराच्या दारातच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या मानतात.

दुसरे आकिनु द ब्रागांसा, बार्देशचे. अल्जीरियात पत्रकारिता करत त्यांनी पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिलढ्यांची बाजू जगापुढे मांडली. पुढे मोझांबिकमधल्या मापुटोच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्राचे ते संचालक होते. १९८२ मध्ये तिथे आलेल्या टपाल-बॉम्बने त्यांच्या सहकारी, दक्षिण आफ्रिकेतल्या नामवंत संपादक रूथ फर्स्ट यांचा बळी घेतला. ब्रागांसा त्याच खोलीत होते आणि जखमी झाले. चार वर्षांनी मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात तेही गेले.

वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतली पत्रं तग कशी धरत होती?

एक युक्ती म्हणजे बारसं. रूथ फर्स्ट ज्या डाव्या साप्ताहिकात होत्या, त्याचं नाव ‘गार्डियन’. १९५२ मध्ये बंदी आली, की ते ‘क्लॅरियन’ झालं. मग ‘पीपल्स वर्ल्ड’, ‘ॲडव्हान्स’, ‘न्यू एज’ आणि शेवटी ‘स्पार्क’. १९६३ पर्यंत असं चाललं.

दुसरी म्हणजे निव्वळ धाडस. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रम’ मासिकाचे हेन्री एन्क्सुमालो वेठबिगारीची बातमी मिळवायला बेथलच्या बटाट्याच्या शेतांवर गेले. तुरुंगातली वागणूक पाहायला मुद्दाम अटक करवून घेतली. १९५६ च्या अखेरीस एका बातमीच्या मागावर असतानाच त्यांचा खून झाला.

१९ ऑक्टोबर १९७७ ला सरकारने ‘वर्ल्ड’ आणि ‘वीकेंड वर्ल्ड’ बंद करून संपादक पर्सी कोबोझा यांना उचललं. १९८६ च्या आणीबाणीत ‘वीकली मेल’ने कायद्यात न बसणाऱ्या ओळींवर काळी पट्टी मारून अंक तसाच छापला. वाचकाला नेमकं काय लपवलं ते कळलं नाही, पण लपवलं एवढं तर कळलंच.

स्वातंत्र्यानंतर तरी पत्रं मोकळी झाली का?

मालक बदलले. बऱ्याच देशांत गोऱ्या कंपनीचं पत्र सरकारकडे गेलं आणि पहिल्या पानावर रोज राष्ट्राध्यक्ष दिसू लागले. सरकारला न मानणाऱ्यांची किंमत मोठी होती. नायजेरियाच्या ‘न्यूजवॉच’चे देले गिवा १९८६ मध्ये टपाल-बॉम्बने मारले गेले, बुर्किना फासोचे नॉर्बेर झोंगो यांचा १९९८ मध्ये खून झाला. झिंबाब्वेत २००१ च्या जानेवारीत ‘डेली न्यूज’चं छपाईयंत्रच बॉम्बने उडवलं. ज्याने कुणी ते केलं, त्याला या इतिहासाचं मर्म नेमकं कळलं होतं.

३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन आपण पाळतो, तो आफ्रिकेची देणगी. १९९१ मध्ये त्या दिवशी नामिबियाच्या विंडहुकला जमलेल्या आफ्रिकी पत्रकारांनी जाहीरनामा काढला होता.

म्हणजे छापील शब्द नेहमी न्यायाच्याच बाजूने होता?

नाही. रवांडातल्या ‘कांगुरा’ने १९९० च्या डिसेंबरात तुत्सींविरुद्ध ‘हुतूंच्या दहा आज्ञा’ छापल्या. १९९४ च्या नरसंहारापर्यंतच्या वाटेवरचा तो एक मैलाचा दगड होता. संपादक हसन एन्गेझे याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवलं.

इतक्या भाषा, इतकी निरक्षरता, मग ही पत्रं वाचत कोण होतं?

खपाच्या आकड्यांवर जाऊ नका. आपल्याकडे गावच्या पारावर एकजण ‘केसरी’ वाचायचा आणि पंधराजण ऐकायचे, तसंच तिकडे. एक अंक हातोहात फिरून चिंध्या होईपर्यंत चाले. भाषेचाही अंदाज वेगळा लावायला हवा. १९३९ पासून निघणाऱ्या हौसा पत्राचं नावच ‘गास्किया ता फी क्वाबो’, म्हणजे सत्याचं मोल पैशाहून जास्त, आणि ते उत्तर नायजेरियात घराघरांत पोचलं. स्वाहिलीत बातमीला ‘हबारी’ म्हणतात. अरबीतून आलेला हा शब्द आपल्या ‘खबर’चा सख्खा भाऊ. नैरोबीत कुणी भेटल्यावर ‘हबारी?’ म्हणून विचारतो, तेव्हा तो ‘काय खबर?’ असंच विचारत असतो.

आणि आजचं विचाराल, तर आयव्हरी कोस्टच्या आबिजानमध्ये सकाळी पेपरच्या टपऱ्यांसमोर घोळके उभे असतात. विकत कुणी घेत नाही. टांगलेल्या अंकांचे मथळे वाचायचे आणि तेवढ्यावर आतल्या मजकुरासकट कडाक्याचा वाद घालायचा. या मंडळींना तिथे ‘तित्रोलोग’ म्हणतात, आपल्या भाषेत मथळेशास्त्री. टपरीवाला त्यांना हाकलत नाही.